रात्रीचा बायकांचा रेडिओ शो सकाळी तसाच पॉडकास्टवर टाकायचा का? जरा सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की तुम्ही एका तालुक्याच्या गावातल्या कम्युनिटी रेडिओवर काम करता, स्टेशनने तुम्हाला रात्री 10:30 ते 11:30 बायकांसाठी मोकळ्या गप्पांचा लाइव्ह शो करायला सांगितलाय आणि तोच तास दुसऱ्या दिवशी सकाळी जसाच्या तसा पॉडकास्ट म्हणून अपलोड करायचाय. तुम्ही विचारलंय की एवढ्या रात्री बायका फोन करतील का, आणि मारहाण, सासरचा जाच असलं काही निघालं तर काय करायचं.

मी आधी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होते, मग कम्युनिटी रेडिओत आले, आणि रात्रीचा बायकांचा फोन-इन आम्ही अजूनही चालवतो, त्याचा पॉडकास्टही निघतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, फोन येतात. सुरुवातीला येत नाहीत, पण येतात. मला काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टीची, ती म्हणजे "तसाच अपलोड". रात्री अकराला एखादी बाई जे बोलते ते ती हवेत विरून जाणाऱ्या आवाजाशी बोलते, आणि पॉडकास्ट म्हणजे ते बोलणं कायमचं जपून ठेवणं. रात्री तिने बोलायला हो म्हटलं म्हणजे जपून ठेवायला हो म्हटलं असं होत नाही. तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीवरून ठरतात.

आधी वेळेबद्दल. बायकांचे कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे दुपार ठरलेली, आकाशवाणीचं वनिता मंडळ दुपारचंच. तेव्हा ते बरोबर होतं, पुरुष बाहेर, मुलं शाळेत, घर रिकामं. आता दुपारी शेतावर, दुकानात, कंपनीत, बचत गटाच्या मीटिंगला कोण नसतं? मेडक जिल्ह्यात (आताचा संगारेड्डी, तेलंगणा) 2008 साली सुरू झालेला संघम रेडिओ दलित शेतकरी बायका स्वतः चालवतात आणि त्यांचं प्रसारण संध्याकाळी 7 ते 9 असतं, कारण उघड आहे. आपल्याकडे भांडी, उद्याची भाजी, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांच्या गोळ्या हे सगळं उरकून बाई मोकळी होते ती साडेदहाच्या पुढे. पण हे तुमच्या भागावर आहे. ऊसतोडीचा पट्टा असेल तर हंगामात बाई पहाटे तीन-चारला उठते, ती अकरापर्यंत जागी राहणारच नाही, तिथे साडेआठ-नऊच बरं. एमआयडीसी किंवा हॉस्पिटल जवळ असेल तर नाइट ड्युटीवाल्या नर्स, सिक्युरिटीतल्या बायका ऐकतात. महिनाभर आधी दोन-तीन गटांच्या मीटिंगला जाऊन विचारा की शेवटचा दिवा कधी बंद होतो.

अजून एक, ऐकायचं कसं? रात्री घरात मोठ्याने रेडिओ लावता येत नाही, मग मोबाइल आणि इअरफोन. एफएम असलेल्या मोबाइलला वायरवाला इअरफोन लागतो कारण ती वायरच अँटेनाचं काम करते, आणि बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम चालतच नाही. शोच्या आधी हे दिवसभरातल्या कार्यक्रमांतून सांगत रहा, नाहीतर शो चांगला आणि ऐकायची सोय नाही असं होतं.

आता मुख्य मुद्दा. कम्युनिटी रेडिओला 100 वॉट ईआरपीची (अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रसारणाच्या ताकदीची) परवानगी असते, म्हणजे साधारण 10-12 किलोमीटरचा टापू. लोकांना वाटतं छोटा टापू म्हणजे कमी धोका. पण तिला ओळखणारी सगळी माणसं नेमकी याच 10-12 किलोमीटरमध्ये राहतात. आमच्याकडे एकदा एक जण बोलली, नाव नाही, गाव नाही, फक्त एवढं म्हणाली की दारात चिंच आहे, मालक गिरणीवर असतात आणि मला दोन्ही मुलीच आहेत. तिचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्या लाइनवर एका बाईचा फोन, "ही आमच्या वाडीतल्या अमक्यांची धाकटी सून ना?" म्हणजे नाव लपवून ओळख लपत नाही. गावात माणूस आवाजावरून, बोलायच्या लकबीवरून, दारातल्या झाडावरून ओळखतात. तरीही लाइव्हचं एक बरं असतं, बोललं आणि गेलं. उद्या कोणी विचारलं तर ती म्हणू शकते, मी नव्हते, तुला भास झाला. पॉडकास्टमध्ये तिची ही सोय आपण काढून घेतो. तेच दोन मिनिटांचं बोलणं कापून फॅमिली ग्रुपवर पडतं, मुंबईच्या दिराकडे जातं, माहेरी जातं, आणि घरात तिच्यासमोर वाजवून दाखवलं जातं. म्हणून आम्ही त्या बाईचा कॉल पॉडकास्टमध्ये घेतलाच नाही.

मग आम्ही काय करतो ते सांगते. शो संपल्यावर लगेच परवानगी मागत नाही, कारण त्या वेळी मन भरून आलेलं असतं, बोलून हलकं वाटत असतं, बाई सगळ्याला हो म्हणते. कॉल ठेवताना फक्त एवढंच विचारतो की उद्या-परवा कोणत्या वेळेला फोन केला तर चालेल, कोणी दुसऱ्याने उचलला तर काय सांगू. त्या वेळेलाच फोन करतो, आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो. तुमच्याच आवाजात टाकू का? आवाज नको असेल तर दुसऱ्या कोणाच्या आवाजात, तपशील बदलून, तुमची गोष्ट टाकू का? की काहीच नको? हे विचारायच्या आधी स्पष्ट सांगतो की एकदा नेटवर गेलं की आम्ही आमच्याकडून काढून टाकू शकतो पण कोणी डाउनलोड केलं, फॉरवर्ड केलं ते आम्हाला परत आणता येत नाही. फोन उचलला नाही तर उत्तर नाही असंच धरतो. आणि हो म्हटलं तरी आठवडाभर थांबून मग टाकतो. आवाज नको म्हणणाऱ्या बऱ्याच निघतात, पण गोष्ट घ्या, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल असं म्हणणाऱ्याही खूप असतात, आणि ते ऐकून मला दर वेळी भरून येतं. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा संरक्षण कायद्यातही परवानगी नेमकी हवी आणि मागे घेता यायला हवी असंच आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आवाज बदलायच्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवू नका. पिच खाली-वर केलेला आवाज परत मूळ आवाजाच्या जवळ आणता येतो, आणि नाही आणला तरी बोलायची पद्धत तीच राहते, "आता काय सांगू बाई" असं दर वाक्याला म्हणणारी बाई घरच्यांना लगेच कळते. त्यापेक्षा टीममधल्या कोणीतरी, किंवा नाटकात काम करणाऱ्या मुलीने, ते परत सांगावं. मुलींचे मुलगे करा, गिरणीचं किराणा दुकान करा, वाडीचं पेठ करा, दुखणं मात्र बदलू नका. आणि एपिसोडच्या सुरुवातीला सांगा की आवाज दुसऱ्याचा आहे, तपशील बदललेत, गोष्ट खरी आहे.

आता कॉल घेण्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त सांभाळायला लागतं. मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो, ही पद्धत दिवसा उत्तम आहे, पैसे तिचे जात नाहीत. रात्री अकराला ती घातक आहे. घरात सगळे झोपलेत आणि तिचा फोन वाजतोय, अनोळखी नंबर. म्हणून रात्रीच्या शोला मिस्ड कॉल घेत असाल तर परत फोन लगेच लावू नका, आधी तिनेच मेसेज करून आता करा म्हणायला हवं, किंवा तिच्याकडूनच कॉल येऊ दे. तुमच्या नंबरचं नाव ट्रूकॉलरवर काय दिसतं तेही बघा. "महिला मदत" वगैरे दिसत असेल तर बदलून घ्या, नुसतं स्टेशनचं नाव दिसलेलं बरं, कारण रेडिओला गाण्याची फर्माईश सांगायला फोन केला असं ती सांगू शकते. शोमध्ये अधूनमधून साध्या आवाजात सांगा की कॉल हिस्ट्रीतनं नंबर कसा काढायचा, व्हॉट्सअॅपला व्हॉइस नोट पाठवली तर चॅट कसं पुसायचं.

फोन उचलणारी बाई आणि माइकवर बोलणारी बाई वेगळी हवी. हे स्टाफ कमी आहे म्हणून टाळलं जातं, पण टाळू नका. उचलणारीने आधी चार गोष्टी विचारायच्या, आत्ता एकट्या आहात का, फोन स्पीकरवर नाही ना, हे लाइव्ह आहे आणि गावात ऐकलं जातंय हे माहितीय ना, नाव कुठलं घेऊ. मग सांगायचं की रेडिओचा आवाज बंद करा, नाहीतर फीडबॅक येतो. बऱ्याच जणी कुजबुजत बोलतात, कोणी मोरीत नळ सोडून बोलते, कोणी गच्चीवरून. तिचा आवाज नीट येत नाही म्हणून "जरा मोठ्याने बोला" असं कधीच म्हणायचं नाही, आपण आपल्या बाजूला गेन (येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवायचा, खरखर आली तर येऊ दे. तिच्या लाइनवर मिक्स-मायनस (तिला परत जाणाऱ्या आवाजातून तिचाच आवाज वगळायची जोडणी) नीट लावून घ्या म्हणजे तिला स्वतःचाच आवाज उशिरा परत ऐकू येणार नाही, तो ऐकला की बाई गांगरते आणि फोन ठेवते. आणि लाइव्हला डिले हवाच, म्हणजे बोललेलं थोडं उशिरा हवेवर जायला हवं, सात-आठ सेकंदांनी तरी, बोलता बोलता खरं नाव, गावाचं नाव निघून जातं, ते पकडायला तेवढा वेळ लागतो. डिलेची सोय स्टेशनकडे नसेल तर लाइव्ह करूच नका, संध्याकाळी कॉल आणि व्हॉइस नोट्स रेकॉर्ड करा आणि रात्री लावा. ऐकणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही.

मारहाण, जाच निघाला तर. सल्ला देऊ नका. "सोडून दे त्याला" पण नाही आणि "संसार म्हटलं की होतं थोडं" हे तर अजिबातच नाही. आपण तिथे ऐकायला आणि पत्ता सांगायला आहोत. त्यासाठी शो सुरू व्हायच्या आधी तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, कोणत्या दिवशी असतात हे स्वतः जाऊन बघून या, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्यांच्याकडे कोणीही माहिती देऊ शकतं. जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या बायकांना सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं सरकारी केंद्र) बघा. पोलिसांसोबत काम करणारा महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष तुमच्या जिल्ह्यात आहे का बघा, टिसने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) तो मुंबईत 1984 साली सुरू केला आणि मग राज्यात पसरला, त्यातल्या समुपदेशक फार मोलाच्या असतात. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर तर रोज सांगायचेच. पण नुसता नंबर वाचून दाखवणं आणि "तिथे अमुक मजल्यावर जा, मंगळवारी मॅडम नक्की असतात" हे सांगणं यात फार अंतर आहे. दुसरं वाक्य ऐकून बायका जातात.

जीव द्यायची भाषा निघाली तर तो कॉल हवेवर ठेवायचा नाही. गाणं लावा, उचलणारीने ऑफ-एअर बोलत राहायचं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास असतो, तिला तिथे जोडून द्यायचं, तातडी असेल तर 112. आणि परत हवेवर आल्यावर त्या कॉलबद्दल चर्चा करायची नाही.

लहान मुलीवरच्या अत्याचाराचं काही कळलं तर मात्र तुमच्याकडे पर्याय नाही. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायलाच लागतं, रेडिओवालीलाही. म्हणून उचलणारीने हे आधी सांगून ठेवलं पाहिजे, म्हणजे बाईला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि मुलीचं नाव, शाळा, वस्ती, घरचे, काहीही हवेवर जाता कामा नये. मोठ्या बाईवरच्या बलात्काराच्या बाबतीतही ओळख उघड करणं गुन्हा आहे, पूर्वी आयपीसी 228 ए होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पॉडकास्टमध्ये राहून गेलेलं एक गावाचं नाव सुद्धा यात येऊ शकतं, त्यामुळे एडिट करणारीला ही कलमं माहीत हवीत.

लायसन्सच्या अटीप्रमाणे प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. ते वेगळं आणि पॉडकास्ट वेगळं. ते रेकॉर्डिंग कुठल्या कॉम्प्युटरवर आहे, पासवर्ड कोणाकडे आहे, हे आजच विचारा. स्टुडिओतल्या कॉमन कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर असेल तर तिथून ते कोणीही पेनड्राइव्हवर नेईल.

तुमचे स्टेशन प्रमुख म्हणतील, मग पॉडकास्टला उरलं काय? भरपूर उरतं, आणि खरं सांगायचं तर तासाचा शो तसाच टाकला तर कोणी ऐकतही नाही. वेळ सांगणं, जाहिराती, "फोन लागत नाहीये वाटतं", हे सगळं रात्री छान वाटतं आणि चार दिवसांनी बसमध्ये ऐकताना कंटाळा येतो. गाणी तर टाकताच येत नाहीत, तुमच्या स्टेशनकडे रेडिओवर वाजवायची परवानगी असली तरी ती इंटरनेटवर डाउनलोडसाठी चालत नाही. मुंबई हायकोर्टाने 2019 मध्ये टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं अॅप) प्रकरणात प्रसारणाचं वैधानिक लायसन्स ऑनलाइन स्ट्रीमिंगला लागू होत नाही असं सांगितलंय. त्याऐवजी गावातल्या आज्यांकडून ओव्या रेकॉर्ड करून घ्या, लेखी परवानगी आणि मानधन देऊन. मग 20-25 मिनिटांचा एपिसोड, एकच विषय, दुसऱ्या कोणाच्या आवाजात सांगितलेली एक गोष्ट, आणि त्यावर डॉक्टर किंवा वकील किंवा संरक्षण अधिकारी नीट बोललेले. नाव सरळ ठेवा, "गर्भपिशवी काढायला सांगितलीय, आधी काय विचारू?" असं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय 2019 मध्ये गाजला तरी अजून गावोगाव बायका विचारतात की अंगावरून जातंय, डॉक्टर पिशवी काढा म्हणतात, काढू का. असे एपिसोड वर्षानुवर्षं ऐकले जातात. यासाठी लाइव्हच्या वेळीच तुमचा आवाज, कॉलरचा आवाज आणि गाणं वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा म्हणजे नंतर नुसता तुमचा भाग काढता येतो, आणि फायनल साधारण मायनस 16 एलयूएफएसला (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) ठेवा, मोनो असेल तर मायनस 19.

सुरुवातीचे काही आठवडे फोन येणार नाहीत, त्याची भीती बाळगू नका आणि स्टाफमधल्या मुलींना खोटे कॉल करायला लावू नका, गावात दुसऱ्या दिवशी कळतं आणि मग खऱ्या बाया कधीच फोन करत नाहीत. दिवसा गटांमध्ये जाऊन, आशा ताईंना विचारून व्हॉइस नोट्स गोळा करा. पहिला विषय नवरा-सासू नको. आमच्याकडे सगळ्यात जास्त मोकळं बोलणं झालं ते "घरखर्चातनं वाचवलेले पैसे कुठे ठेवता" या प्रश्नावर. तांदळाच्या डब्यापासून सुरू झालं आणि मग आपोआप कोण पैसे काढून घेतं, कोण मारतं, कोणाला माहेरी जायला एसटीचे पैसे नसतात, सगळं आलं. कोणी गप्प झाली तर तिला गप्प राहू द्या. दहा सेकंदांची शांतता हवेवर खूप मोठी वाटते, पण त्यानंतरच खरं वाक्य येतं.

आणि तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. साडेअकराला शो संपल्यावर घरी कशा जाणार? स्टेशनची गाडी, दोघींची ड्युटी, आणि स्टुडिओत त्या वेळी कोण कोण असेल हे लेखी ठरवून घ्या. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ठराविक संख्येपेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी रात्री 9:30 नंतर बाईला काम देताना तिची संमती आणि सुरक्षेची सोय मागतो, तुमच्याकडे माणसं कमी असली तरी हीच मागणी करा. शिवाय रोज नको, आठवड्यातून दोन दिवस पुरे. रोज रात्री असली दुखणी ऐकून माणूस आतून थकतं, आणि थकलेली बाई ऐकणं सोडून सल्ले द्यायला लागते. आमच्याकडे महिन्यातून एकदा एक समुपदेशक येऊन फक्त आमच्या टीमशी बोलते, तेवढी तरतूद बजेटमध्ये आताच टाकून घ्या, नंतर कोणी देत नाही.

एकूण काय तर शो जरूर करा, डिले आणि दोन माणसं असतील तर लाइव्ह, नसतील तर रेकॉर्ड करून, आणि पॉडकास्ट वेगळा बनवा, तिला दिवसा परत विचारून. स्टेशन प्रमुखांना पटत नसेल तर त्यांना पोक्सो आणि कलम 72 चा भाग आधी दाखवा, बाकीचं मग ऐकतील. दुसऱ्या दिवशी फोनवर परवानगी घेताना आम्ही काय बोलतो त्याचा मजकूर हवा असेल तर सांगा, मी इथेच टाकते, फक्त तो तुमच्या भागातल्या बोलीत करून घ्या, छापील मराठीत विचारलं की बायका घाबरून हो म्हणतात.